शेवटचं गाणं अर्धं राहायचं

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं, बाबांना ऐकू यायचं नाही. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी ते जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातून सरकी काढणाऱ्या मशिनी हंगामभर धडधडायच्या आणि त्यांच्या मधोमध बाबा कापूस लोटत उभे असायचे. चाळिशीतच दोन्ही कान गेले. हंगाम संपला की मजुरी संपायची. मग आई लोकांकडे पापड-कुरडया करून द्यायला जायची आणि बाबा मिळेल ते ओझं उचलायचे. आम्ही पाच जण जिनिंगच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या टिनाच्या खोलीत राहायचो. ती भिंत सतत थरथरायची. फळीवरचे डबे सरकत सरकत कडेला यायचे, ते संध्याकाळी मागे लोटणं हे माझं काम. उन्हाळ्यात मशिनी बंद पडल्या की घरात कुणाला चैन पडायचं नाही. कारण तो आवाज थांबला म्हणजे पैसे थांबले.

पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा होस्टेल मिळालं नाही. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर जागा आहे असं कळलं, म्हणून पत्र्याची पेटी घेऊन गेलो. दार उघडलं ते पंचेचाळिशीच्या एका बारीक, चष्मेवाल्या गृहस्थांनी. पांढरा हाफ शर्ट, इस्त्रीची पँट, घरात असूनही खिशाला पेन. सरकारी कचेरीत कारकून, एकटेच. मागून जो आवाज येत होता त्याचा आणि या माणसाचा काही संबंध असेल असं मला वाटलं नाही.

"काही दुरुस्ती चालू आहे का?" मी विचारलं.

"आपण इंजिनिअर का?"

"होणार आहे."

"मग आधी व्हा. हे संगीत आहे."

मी पेटी खाली ठेवली आणि ऐकत उभा राहिलो. जमीन थरथरत होती. मला एकदम घर आठवलं. "हे तर आमचं जिनिंग आहे," मी बोलून गेलो. वर्गातल्या पोरांपुढे असं बोललो असतो तर चार वर्षं चेष्टा झाली असती. सगळे ज्यांना काका म्हणायचे ते हे गृहस्थ हसले नाहीत. "कुठल्या मशिनीसारखं वाटतं? नीट सांगा," असं विचारलं. मी हातवारे करून सांगितलं. त्यांनी डिपॉझिट न घेता जागा दिली. त्या दिवसापासून मला ते नावानं हाक न मारता 'इंजिनिअर' म्हणायला लागले. ते कौतुक नव्हतं, पेठेतलं होतं.

हेवी मेटलचे चाहते म्हटल्यावर लांब केस, काळे टी-शर्ट, त्यावर कवट्या असं लोकांना वाटतं. काकांकडे येणारी पोरं तशीच होती. काका मात्र सायकलवर पँटला क्लिपा लावून कचेरीत जायचे आणि येताना अर्धा लिटर दूध आणायचे. पण पुण्यात तेव्हा या संगीताचं जे काही होतं ते त्यांच्या खोलीतून जायचं. दर रविवारी चार ते सहा बैठक. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. एक ते चार त्यांची झोप, चार ते सहा आमचं, असा करार होता. सहाला एक मिनिट कमी असताना त्या जिन्यात येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत, नुसतं घड्याळ बघायच्या.

बैठकीचे नियम होते. चहा एकदाच मिळेल. गाणं चालू असताना बोलायचं नाही. मान हलवायची असेल तर सोफ्यावरून खाली बसायचं. "आपल्या मानेची मला काळजी नाही. सोफ्याचा कापूस निघतो." स्वतः ते हाताची घडी घालून, डोळे मिटून, ताठ बसायचे. एखादी जागा फारच आवडली तर उजव्या पायाचा अंगठा हलायचा. तेवढीच दाद.

कोथरूडचा मंदार कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. कॅम्पातल्या फिरोजचे चुलते दुबईला होते, त्यामुळे नवा अल्बम आला की आधी त्याच्याकडे यायचा. कॅसेट काकांच्या डेकवर लागायची आणि मग चर्चा. चर्चा म्हणजे काकांचा निकाल.

"घाई आहे यांना," ते म्हणायचे. "कुठली बस पकडायची आहे?"

"काका, हा बँड जगात एक नंबर आहे सध्या," फिरोज म्हणायचा.

"असेल. एक नंबरला फार वेळ बसू नये, बाहेर लोक थांबलेले असतात."

तिकिटांवरूनही वाद व्हायचे. बंगळूरला कुणीतरी येणार असं कळलं की मंदार हिशोब मांडायचा, रेल्वे एवढी, तिकीट एवढं. काकांचं मत ठरलेलं. "तिकीट घ्यायचं तर खुर्ची पाहिजे. उभं राहून ऐकायचं असेल तर त्यांनी आपल्याला पैसे द्यावेत." एकदा मी म्हणालो, "मी इकडं ऐकून राहिलोच आहे की फुकट." तर लगेच म्हणाले, "राहू नका. नुसतं ऐका."

काकांच्या मते खरा बँड एकच. युरोपातल्या कुठल्याशा लहान शहरातले चार जण. त्यांच्या सहा रेकॉर्ड होत्या, त्याही दुकानात मिळणाऱ्या नव्हेत. काकांचा धाकटा भाऊ अमेरिकेत होता. त्यानं ओळखीच्या माणसाबरोबर रेकॉर्ड प्लेअर आणि या सहा रेकॉर्ड पाठवल्या होत्या. तिकडची वीज एकशे दहा व्होल्टची, म्हणून काकांनी बुधवार पेठेतून ट्रान्सफॉर्मर आणून तो प्लेअर चालू केला होता. भाऊ स्वतः कधी आला नाही. दोघं पत्रांतून गाण्यांवर बोलायचे, कुठलं चांगलं, कुठलं बरं. मग एक दिवस तिकडून फोन आला, भाऊ हार्टनं गेला होता. पत्रं काकांनी रेकॉर्डच्या कव्हरांमध्ये ठेवली होती, ज्या रेकॉर्डबद्दल जे पत्र त्या कव्हरात ते. एकदा मला वाचून दाखवलं होतं. भावानं त्याच्या आवडत्या रेकॉर्डमधल्या दुसऱ्या गाण्याबद्दल लिहिलं होतं, 'गाडीत लावतो तेव्हा पाय आपोआप दाबला जातो.'

"आमचा भाऊ विचित्रच," काका म्हणाले. "या गाण्यावर गाडी पळवतो म्हणे. मला तर जागचं हलवत नाही."

खरंच हलवत नसे. बाकी सगळे बँड धावायचे, हे चौघं चालायचे. एकेक ठोका पाटा टाकल्यासारखा पडायचा. गायकाचा आवाज विहिरीतून यावा तसा खोल. त्या रेकॉर्डवरून काकांनी भरून दिलेल्या कॅसेट शहरातल्या पोरांकडे होत्या. मंदारच्या बँडनं ती गाणी तशीच बसवली होती.

कॅसेटमध्ये एकच खोट होती. शेवटचं गाणं अर्धं राहायचं. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. रेकॉर्ड बेचाळीस मिनिटांची. पण दर वेळी शेवटच्या गाण्यात पट्टी संपायची. काका कॅसेट कंपन्यांवर चिडायचे. "नव्वद म्हणून विकतात आणि देतात किती? ग्राहक मंचात जायला पाहिजे." त्यामुळे एक रीत पडली. बैठकीच्या शेवटी एखाद्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं लागायचं आणि सगळे उभे राहायचे. कॅसेटवर जिथे तुटायचं त्याच्या पुढचा भाग ऐकायचा तर काकांकडेच यायला लागायचं. ती चार-पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. खालच्या बाईसुद्धा जिन्यात गप्प उभ्या असायच्या.

मला या सगळ्याचा काय फायदा झाला ते सांगायला लाज वाटत नाही. माझं शिक्षण मराठीत झालेलं. वर्गात इंग्रजी कानावरून जायचं. रेकॉर्डच्या कव्हरवर गाण्यांचे शब्द नव्हते आणि पोरांना ते हवे असायचे. माझं अक्षर चांगलं, म्हणून काकांनी ते काम मला लावलं. त्यांच्याजवळची जाड डिक्शनरी दिली. मी एकेक ओळ पाच-पाच वेळा ऐकायचो. गायक शब्द असा सावकाश, सुटा करून टाकायचा की माझ्यासारख्यालाही तो सापडायचा. दोन वर्षांत सहाही रेकॉर्ड मी उतरवल्या. काका लाल पेनानं तपासायचे. पुढे कँपस इंटरव्ह्यूत समोरच्या साहेबांचं बोलणं मला कळलं, ते या कामामुळे. माझ्या गावचा कुणी त्याआधी तसल्या खुर्चीत बसला नव्हता.

तिसऱ्या वर्षाला विजेवर चालणाऱ्या मोटारींचा विषय होता. सुट्टीच्या दिवशी मी खोली झाडत होतो. प्लेअर उचलला तर खाली धातूची पाटी. एकशे दहा व्होल्ट, आणि पुढे साठ. मी तसाच बसलो. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट बदलतात, हेलकावे बदलत नाहीत. आणि ही मोटार हेलकाव्यांवर फिरणारी. म्हणजे जिथे सहा फेरे व्हायला हवेत तिथे पाचच होत होते. मी घड्याळ लावलं. कव्हरवर पाच मिनिटं छापलेलं गाणं बरोबर सहा मिनिटं चाललं. बेचाळीस मिनिटांची रेकॉर्ड पन्नास मिनिटं चालत होती. कॅसेट कंपन्यांचा काही दोष नव्हता.

हे कळलं त्या क्षणी मला केवढा आनंद झाला ते आठवतं. टिनाच्या खोलीतून आलेल्या पोरानं हे शोधलं होतं! पेठेतल्या, कोथरूडच्या, कॅम्पातल्या कुणाला इतकी वर्षं कळलं नव्हतं. आणि काकांनी माझ्यासाठी इतकं केलेलं, त्यांना काहीतरी द्यायचंही होतं. मोटारीच्या टोकाला पट्टा फिरवणारी एक छोटी पितळी पुली होती. तिचा व्यास सव्वापट नव्हे, बरोबर एक पूर्णांक दोन दशांश पट करायचा. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर नवी पुली केली, प्रोजेक्ट म्हणून नोंदवली. काकांना आधी सांगितलं नाही. चारचौघांत सांगायचं होतं.

त्या रविवारी बैठक भरल्यावर मी उभा राहिलो. पाटी दाखवली, गणित फळ्यावर मांडतात तसं कागदावर मांडलं. मंदार आधी हसला, मग हसायचा थांबला. "म्हणजे आम्ही सगळं स्लो वाजवतोय? तीन वर्षं?"

"स्लो आणि खालच्या सुरात," मी म्हणालो. अभिमानानंच म्हणालो.

काका माझ्याकडे बघत होते. "दुरुस्त होईल?"

"होईल म्हणजे काय, केलंय!" मी खिशातून पुली काढली.

दहा मिनिटांत बसवली. भावाची आवडती रेकॉर्ड लावली. दुसऱ्या गाण्याला तर मंदार आणि फिरोज खाली बसून माना हलवायला लागले. गाणं पळत होतं. गायकाचा आवाज तरुण, जरा चिरका, एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या पोराचा. मी बाजूला डेकवर कॅसेट भरायला लावली होती. शेवटचं गाणं आलं, सगळे उभे राहिले, गाणं संपलं आणि कॅसेटची पट्टी अजून शिल्लक होती. "बसलं!" मी ओरडलो. "काका, पूर्ण बसलं!"

काका उभे नव्हते. हाताची घडी तशीच होती. अंगठा हलला नव्हता.

"छान," ते म्हणाले. "कोण आहेत हे?"

त्यांनी उठून सुई उचलली, रेकॉर्ड कव्हरात घालायला गेले तर आत पत्र होतं. ते त्यांनी बाहेर काढलं. "म्हणजे तो तिकडे हे ऐकत होता," ते म्हणाले. "मला वाटायचं आम्ही दोघं एकच ऐकतोय." मग पत्र आत सरकवलं. "पाय दाबला जातो खरा."

खालच्या बाई जिन्यात आल्या तेव्हा सहाला अजून दहा मिनिटं होती. लवकर संपलं म्हणून काय झालं ते बघायला आल्या होत्या. काका दारात उभं राहून एकेकाला म्हणाले, "पुढच्या रविवारपासून येऊ नका."

मी तिथेच राहत होतो, मला कुठे जायचं? एक वर्ष आणखी राहिलो. ते माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. 'इंजिनिअर' म्हणायचे बंद झाले, नावानं हाक मारायला लागले. ते मला जास्त लागलं. प्लेअरवर त्यांनी टेबलक्लॉथ टाकला. रविवारी दुपारी चारला खालच्या बाई वर यायच्या, "आज नाही का?" विचारायच्या. "नाही," काका म्हणायचे. पाचव्या-सहाव्या रविवारनंतर त्याही यायच्या थांबल्या. मी माफी मागायचा प्रयत्न केला. "कशाची?" ते म्हणाले. "आपण गणित चुकलात का?"

नोकरी लागली. हिंजवडीची कंपनीची बस, गळ्यात कार्ड, पहिल्या पगारात बाबांना कानाचं मशीन. बाबांनी ते दोन दिवस लावलं आणि काढून ठेवलं. "लय बारीक बारीक आवाज येतात, काहून ऐकू एवढं?" म्हणाले. फिरोज दुबईला गेला. मंदार माझ्याच आयटी पार्कात दुसऱ्या इमारतीत. ड्रम विकून टाकले होते.

बऱ्याच वर्षांनी मंदारचा फोन आला. "अरे, ते चौघं येतायत! पुण्यात!" एक मोठा कार्यक्रम होता, परदेशातले पाच-सहा बँड. त्यात आमचे दुसऱ्या नंबरला, उजेडातच. तिकीट साडेतीन हजार. कँटीनमध्ये आम्ही तासभर त्यावर बोललो. स्टेजजवळचं घ्यायचं की मागचं, खुर्च्या आहेत का. खुर्च्या सात हजाराला होत्या. मी दोन घेतल्या आणि पेठेत गेलो.

काका रिटायर झाले होते. तिकीट उलटंसुलटं बघितलं. "खुर्ची आहे," ते म्हणाले. "लक्षात ठेवलंत."

"याल ना?"

"मी ज्यांना ऐकायचो ते यात नाहीत हो." तिकीट परत माझ्या हातात दिलं. "ते चौघं फक्त या खोलीत होते."

मी काकांशिवायच गेलो. शेजारची खुर्ची रिकामी. ऊन होतं, मैदान अर्धं मोकळं, पोरं मोठ्या बँडची वाट बघत वडापाव खात होती. चार म्हातारे स्टेजवर आले. गायकाचं पोट सुटलेलं. आणि त्यांनी काकांच्या भावाचं ते दुसरं गाणं धरलं. सावकाश. खाली, फार खाली. वय झालं होतं, वरचे सूर निघत नव्हते, ड्रमवाल्याचा हात चालत नव्हता. एकेक ठोका पाटा टाकल्यासारखा. डोळे मिटले तर मी तिसऱ्या मजल्यावर होतो. मंदार मागच्या स्वस्त तिकिटातून धावत आला, त्याच्या डोळ्यांत पाणी. "काकांचा स्पीड आहे रे हा!" आसपासची पोरं बघत होती. शेवटच्या गाण्याला आम्ही दोघंच सरळ उभे होतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि प्लेअरमधून काढलेली जुनी पुली घेऊन काकांकडे गेलो. इतकी वर्षं ती माझ्या कपाटात होती. घडलेलं सगळं सांगितलं. "काका, ते आता तुमच्यासारखं वाजवतात!"

"दमले असतील," काका म्हणाले.

मी पुली टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून बोटांत फिरवली. मग टेबलक्लॉथ काढला. "बसवा."

बसवली. त्यांनी भावाची रेकॉर्ड लावली, सुई सरळ शेवटच्या गाण्यावर ठेवली. तोच आवाज आला, विहिरीतून येणारा. फळीवरची भांडी थरथरली. मी सवयीनं उभा राहिलो. काका बसून होते, हाताची घडी, डोळे मिटलेले. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. मग त्यांनी डोळे उघडले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. पूर्वी गाणं चालू असताना त्यांनी घड्याळ कधी बघितलं नव्हतं. अर्ध्यातच त्यांनी सुई उचलली.

"पाचाचे सहा," ते म्हणाले. "आता दुसरं काही ऐकूच येत नाही."

"मी हात लावायला नको होता, काका."

"असं कसं? आपलं बरोबरच होतं." त्यांनी टेबलक्लॉथ पुन्हा टाकला, चारी कोपरे सारखे केले. "चहा घेणार का? एकदाच मिळेल."

पुढे ती इमारत पाडली आणि ते नाशिककडे चुलत बहिणीकडे राहायला गेले. पत्ता दिला नाही, मी मागितलाही नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वाघोलीला माझा स्वतःचा फ्लॅट आहे, आईबाबा माझ्याजवळ राहतात, धाकटी बहीण बी.एड. झाली. तिसऱ्या वर्षाच्या त्या पुलीच्या प्रोजेक्टला मला पन्नासपैकी सेहेचाळीस मार्क पडले. वर्गात तेच सगळ्यांत जास्त होते.